प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि नवे संशोधन

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी या साऱ्या सोपस्कारांमागे तेच कौतुक असते. या वाक्याचा उगम मात्र भयात आहे. बाळंतपणात गेलेल्या एखाद्या लेकीची किंवा सुनेची आठवण ज्या काळी प्रत्येक गावात ताजी असे, त्या काळाचे हे वाक्य आहे. मूल सुखरूप जन्मले, वार पडली, घरात साखर वाटली गेली आणि तासा-दोन तासांत बाळंतीण पांढरीफटक पडून हातची गेली, अशा हकिकती जुन्या माणसांनी पुष्कळ सांगितल्या आहेत. त्यांत दोष कधी नजरेला, कधी नशिबाला दिला जाई. वैद्यकशास्त्राने या आपत्तीला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव असे नाव दिले असून प्रसूतीपासून चोवीस तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे, अशी तिची व्याख्या केली आहे.

ही आपत्ती भूतकाळात जमा झालेली नाही. जगात दरवर्षी सुमारे ४५,००० स्त्रिया या एका कारणाने प्राणास मुकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ मधील अंदाज आहे. आपल्या देशात २००१ ते २००३ या काळातील मातामृत्यूंची कारणे महानिबंधक कार्यालयाने तपासली, तेव्हा शंभरांपैकी अडतीस मृत्यू रक्तस्रावामुळे झाल्याचे आढळले होते. महाराष्ट्राने त्यानंतर मोठा पल्ला गाठला आहे. २००४-०६ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ९४.७ टक्के इतके नोंदले गेले. जननी सुरक्षा योजना, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, रुग्णवाहिकांची सेवा आणि आशा स्वयंसेविकांची पायपीट या सर्वांचा या यशात वाटा आहे.

मग प्रश्न असा उरतो की, स्त्री रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचल्यानंतरही काही वेळा तिचा जीव का वाचत नाही? गेल्या वीस वर्षांतील प्रसूतिशास्त्राचे काही अत्यंत महत्त्वाचे संशोधन याच प्रश्नाभोवती झाले आहे. त्याची सुरुवात महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. दिवस भरत आलेल्या गर्भवतीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटून पडली की तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती शिवून बंद करणे कोणाही शल्यविशारदाला शक्य नाही. निसर्गाने ते काम गर्भाशयाच्या स्नायूंकडे सोपवले आहे. हे स्नायू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असून ते आवळले गेले की त्यांच्या जाळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या जागच्या जागी चिमटल्या जातात. चांगले आवळलेले गर्भाशय पोटावरून हाताला कडक गोळ्यासारखे लागते. ते सैल, मऊ लागले की धोका समजावा. अतिरक्तस्रावाच्या बहुसंख्य घटनांत गर्भाशय सैल राहणे हेच कारण असते. उरलेल्या घटनांत वारेचा तुकडा आत राहणे, प्रसूतिमार्ग फाटणे किंवा रक्त न गोठणे यांपैकी एखादे कारण सापडते.

गर्भाशय आवळणारे औषध उपलब्ध आहे आणि ते नवे नाही. इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे १९०६ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मूल जन्मताच आईच्या दंडात किंवा मांडीत ऑक्सिटोसिनची दहा युनिटची सुई देणे हा आज प्रत्येक प्रसूतिगृहातील नियम आहे. त्यामुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. आपल्याकडे खाली राहिली ती अडचण वेगळी होती. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते सुईवाटेच द्यावे लागते. ज्या घरात वीज नाही आणि जेथे सुई देणारे कोणी नाही, त्या घरातील बाळंतिणीला डेल आणि डू व्हिन्यो यांचा उपयोग तो काय?

बेळगावचा प्रयोग

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. कोडकणी, डॉ. गौडर व त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डरमन यांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत एक चाचणी घेतली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांचा तीत समावेश होता. निम्म्या स्त्रियांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने देण्यात आल्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. या गोळ्यांना शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही. त्या देण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे सारे काम सहायक परिचारिका प्रसाविकांनी, म्हणजे खेड्यापाड्यांत सर्वजण ज्यांना 'नर्सबाई' म्हणून ओळखतात त्या भगिनींनी केले. निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते आणि एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्यामागील प्रमुख पुराव्यांत बेळगावच्या या चाचणीची गणना होते.

गोळीची कीर्ती झाली. परंतु त्याच चाचणीतील दुसरी एक वस्तू कितीतरी वर्षे दुर्लक्षित राहिली आणि खरे पाहता तिचे महत्त्व गोळीपेक्षा कमी नव्हते. ती वस्तू म्हणजे प्लास्टिकचे एक साधे कापड. बाळ जन्मल्यावर ते आईच्या कमरेखाली सरकवायचे. त्याच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी असते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या असतात. गेलेले रक्त पिशवीत उतरते व किती गेले ते कोणालाही वाचता येते. दूधवाल्याच्या मापापेक्षा यात अधिक गुंतागुंत नाही.

या पिशवीची गरज का पडावी, हे समजण्यासाठी प्रसूतिगृहातील एक प्रघात ठाऊक हवा. रक्त किती गेले याचा अंदाज शतकानुशतके नजरेने बांधला जात आला आहे. चादर किती भिजली, बोळे किती लाल झाले, जमिनीवर किती सांडले, हे पाहून डॉक्टर किंवा परिचारिका मनाशी एक आकडा धरतात. बेळगावच्या संशोधकांनी नजरेचा अंदाज आणि पिशवीचे माप यांची तुलना केली, तेव्हा नजरेने सांगितलेला आकडा पिशवीतील मापापेक्षा सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे तीन वाट्यांपैकी एक वाटा डोळ्यांना दिसतच नव्हता. रक्तस्राव जितका मोठा, तितकी नजरेची चूक मोठी, हे इतरत्र झालेल्या अभ्यासांतूनही पुढे आले आहे.

घराघरांतील भाषाही येथे आड येते. आपल्याकडे रक्तस्रावाला 'अंगावरून जाणे' असा सौम्य शब्दप्रयोग आहे आणि 'बाळंतिणीच्या अंगावरून जायचेच' हे वाक्य अनुभवी बायांच्या तोंडी सहज असते. ते बहुतेक वेळा खरेही असते. म्हणूनच ते घातक ठरते. जायचे तेवढे किती आणि जास्त ते किती, याची रेघ कोणी आखलेली नसल्यामुळे बाळंतीण 'जरा थकली' असेल, 'झोप लागली' असेल असे म्हणत मोलाची घटका निघून जाते. प्रसूतिगृहात शब्द वेगळे असतात, परंतु विलंबाची जात तीच.

मोजणे पुरेसे आहे काय?

रेघांची पिशवी दिली की प्रश्न सुटेल, अशी अपेक्षा साहजिकच होती. युरोपातील तेरा देशांमधील ७८ प्रसूतिगृहांत, २५,००० हून अधिक स्त्रियांवर ही अपेक्षा पारखून पाहण्यात आली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिशवी वापरणाऱ्या रुग्णालयांत गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण १.७१ टक्के आणि न वापरणाऱ्या रुग्णालयांत २.०६ टक्के निघाले. हा फरक योगायोगाने पडलेला नाही असे सांगण्याइतका मोठा नव्हता. निष्कर्ष निराशाजनक खरा, तरी त्यातून एक धडा मिळाला. पिशवीवरील आकडा वाचून पुढे काय करायचे हे ठरलेले नसेल, तर पिशवी म्हणजे केवळ एक भांडे. पूररेषा ओलांडली तरी गावात दवंडी पिटली जात नसेल, तर नदीकाठी पट्टी रोवण्याने काय साधणार?

हा धडा ज्यांनी मनावर घेतला त्यांत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधक होते. त्यांनी केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत एक योजना आखली. या रुग्णालयांत चाचणीच्या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती झाली. निम्म्या रुग्णालयांनी आपली नेहमीची पद्धत चालू ठेवली. उरलेल्यांत प्रत्येक बाळंतिणीखाली रेघांची पिशवी ठेवण्यात आली, दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब व गर्भाशयाचा कडकपणा तपासण्यात आला आणि ठरावीक रेघ ओलांडताच उपचारांचा एक संच एकाच वेळी सुरू करण्याचे शिक्षण परिचारिकांना देण्यात आले. गर्भाशय पोटावरून चोळणे, ते आवळणारी औषधे, रक्त थांबवणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, शिरेतून सलाईन, प्रसूतिमार्गाची तपासणी, आणि एवढ्याने भागले नाही तर वरिष्ठांना पाचारण, असा तो संच होता.

यातील एकही उपाय नवा नव्हता. नवी होती ती वेळ आणि एकत्र करण्याची रीत. त्यापूर्वीचा प्रघात असा की, प्रथम चोळून पाहायचे, वाट पाहायची, मग एक औषध, पुन्हा वाट, मग दुसरे. प्रत्येक पायरीवर थांबणे हे सावधपणाचे लक्षण मानले जाई. रक्त मात्र थांबत नसे.

निष्कर्ष मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी केवळ ५१ टक्के स्त्रियांचे निदान होत होते; नव्या पद्धतीत ते ९३ टक्क्यांवर गेले. संपूर्ण उपचार मिळणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर किंवा अधिक रक्त जाणे, रक्तस्रावासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू येणे, या तीन आपत्तींचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. ही घट मुख्यत्वे पहिल्या आपत्तीतील आहे. केवळ मृत्यूंचा विचार केला तर त्यांची संख्या सुदैवाने इतकी थोडी होती की दोन गटांतील फरक शास्त्रीय कसोटीवर ठामपणे मांडता येत नाही. तरीही प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात इतका मोठा फरक दाखवणाऱ्या चाचण्या विरळा.

त्यातील ५१ टक्क्यांच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. प्रसूतिगृहात, प्रशिक्षित माणसांसमोर, दोनपैकी जवळजवळ एका स्त्रीचा रक्तस्राव कोणाच्या लक्षातच येत नव्हता. याचा ठपका परिचारिकांवर ठेवणे अन्यायाचे होईल. एका वेळी चार-चार बाळंतपणे सांभाळणाऱ्या परिचारिकेला मोजण्याचे साधन न देता तिच्या नजरेवर एका स्त्रीचा जीव सोपवणे, ही व्यवस्थेची उणीव होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, प्रसूतितज्ज्ञांच्या व प्रसाविकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांसमवेत, या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे नव्याने जाहीर केली. ५०० मिलिलिटरची रेघ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये, हा त्यांतील सर्वांत लक्षणीय बदल आहे. ३०० मिलिलिटर रक्त गेले असताना नाडी वेगाने चालू लागली किंवा रक्तदाब उतरू लागला, तर तेव्हाच उपचारांचा संच सुरू करावा, असे ही तत्त्वे सांगतात. चाळीस-बेचाळीस किलो वजनाच्या, मुळातच रक्त कमी असलेल्या स्त्रीला ५०० मिलिलिटरची तूट किती जड जाते, हे मेळघाटात किंवा सातपुड्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला वेगळे सांगावे लागणार नाही.

तीन तासांचा हिशेब

वरील संचात ज्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचा उल्लेख आला, त्याची कथा सांगण्याजोगी आहे. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात रक्तावर संशोधन सुरू केले. रक्ताची गुठळी झाली की ती विरघळवणारी एक यंत्रणाही शरीरात असते. ही यंत्रणा रोखणारे द्रव्य सापडले, तर रक्तस्राव आटोक्यात राहील, असा त्यांचा तर्क होता. १९६२ मध्ये त्यांनी हे आम्ल जगासमोर ठेवले. मूल सांभाळायला कोणी नसल्यामुळे उताकोबाई तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. बाळंतिणींच्या रक्तस्रावावर हे औषध वापरून पाहावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु स्थानिक प्रसूतितज्ज्ञांना त्या ते पटवून देऊ शकल्या नाहीत.

औषध इतर कामांसाठी वापरले जात राहिले. ते बाळंतिणीपर्यंत पोहोचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. लंडनच्या आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने २१ देशांतील १९३ रुग्णालयांत २०,०६० स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीपासून तीन तासांच्या आत हे औषध शिरेतून दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर येतात, म्हणजे सुमारे एकतृतीयांशाने घटतात, असे दिसून आले. तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाचा लाभ आढळला नाही. पुढील विश्लेषणात प्रत्येक पंधरा मिनिटांच्या विलंबाने औषधाचा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी ओसरतो, हेही स्पष्ट झाले. उताकोबाई हे निष्कर्ष पाहू शकल्या नाहीत. वयाच्या ९८ व्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

पंधरा मिनिटे आणि दहा टक्के हे समीकरण ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात वाचले की त्याचा अर्थ अधिक गडद होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याच्या गावी, असा 'पुढे पाठवण्याचा' प्रवास अनेकींच्या वाट्याला येतो. पुढे पाठवणे आवश्यक असते हे मान्य. पण पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देऊन, सलाईन लावून आणि पुढील रुग्णालयाला दूरध्वनी करून पाठवणे, आणि नुसतीच चिठ्ठी देऊन पाठवणे, या दोहोंत कित्येकदा जीवन-मरणाचे अंतर असते.

शीतपेटीचा प्रश्नही मधल्या काळात पुढे सरकला आहे. ऑक्सिटोसिनशी नाते असलेले, परंतु उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे औषध भारतासह दहा देशांतील २९,६४५ स्त्रियांवर पारखले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त जाण्याचे प्रमाण कार्बेटोसिनच्या गटात १४.५ आणि ऑक्सिटोसिनच्या गटात १४.४ टक्के होते, म्हणजे दोन्ही औषधे या बाबतीत जवळजवळ समान. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथील औषध भांडारपालाला या समानतेचे मोल अधिक कळेल. मात्र हे औषध रक्तस्राव होऊ नये म्हणून देण्याचे आहे. सुरू झालेल्या रक्तस्रावावर त्याची शिफारस त्या वेळी करण्यात आली नव्हती.

सर्व औषधे थकल्यानंतर गर्भाशयात फुगा घालून आतून दाब देण्याचा एक मार्ग आहे. परदेशी फुगे महाग. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी ढाक्याच्या रुग्णालयात साधा निरोध रबरी नळीला बांधून, त्यात सलाईन भरून तेच काम साधले आणि २००३ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. तिची कीर्ती आपल्याकडील रुग्णालयांतही पोहोचली आहे.

पंडुरोगाची पार्श्वभूमी

येथवरचे सारे विवेचन प्रसूतीनंतरच्या घटकांचे झाले. परंतु त्या घटकांत टिकून राहण्याचे बळ नऊ महिन्यांत, खरे तर त्याही आधी, ठरत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय, म्हणजे पंडुरोग आढळला. गर्भवतींबाहेरही चित्र असेच आहे. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या एकूण स्त्रियांत हे प्रमाण ५४.२ टक्के होते आणि आधीच्या फेरीपेक्षा ते वाढलेले होते. रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण चढत असताना हा आकडा उतरू नये, ही गोष्ट कोणालाही अस्वस्थ करणारी आहे.

रक्तक्षय असलेल्या बाळंतिणींना रक्तस्राव होण्यापूर्वीच ट्रॅनेक्सॅमिक आम्ल दिले तर? हा विचार सुचणे स्वाभाविक होते. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया येथील मध्यम वा तीव्र रक्तक्षय असलेल्या १५,०६८ स्त्रियांवर हा प्रयोग झाला. २०२३ मध्ये उत्तर आले : औषध दिलेल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण ७ टक्के, न दिलेल्या गटात ६.६ टक्के. उपयोग शून्य. या अपयशाचे मोल मोठे आहे, कारण या चाचणीच्या निमित्ताने जमलेल्या माहितीतून दुसरी एक गोष्ट पुढे आली. मध्यम रक्तक्षयाच्या तुलनेत तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना मृत्यूचा किंवा मृत्यूच्या दारातून परतण्याचा धोका सुमारे सातपट होता. लोहाची उणीव ऐनवेळच्या सुईने भरून निघत नाही. ती लोहाच्या गोळ्यांनी, गरज पडल्यास शिरेतून दिलेल्या लोहाने आणि रोजच्या ताटाने आधीच भरून काढावी लागते.

लोहाच्या गोळ्या गर्भवतींना विनामूल्य मिळतात. त्या पुष्कळ घरांत फडताळात पडून राहतात, हेही आरोग्यसेविकांना ठाऊक आहे. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, आणि 'गोळ्यांनी मूल मोठे होऊन बाळंतपण अडते' अशी समजूत काही भागांत आहे. घरातील सासूबाई किंवा आई यांची समजूत पटल्याशिवाय गोळी पोटात जात नाही, असा अनुभव आहे. म्हणून तपासणीला येणाऱ्या गर्भवतीइतकेच तिच्यासोबत बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलणे महत्त्वाचे ठरते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा मिळतो. तो कार्डावर लिहून घ्यावा आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहावा.

दुर्गम भागांसाठी काही व्यवस्था आहेत. गडचिरोली, नंदुरबार आणि अमरावती यांसारख्या जिल्ह्यांतील निवडक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' उभारण्यात आले असून दिवस भरत आलेल्या स्त्रीने तेथे आधीच येऊन राहावे, अशी ती योजना आहे. नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की रुग्णवाहिका पलीकडेच अडते; आधीच माहेरघरात पोहोचलेल्या स्त्रीला त्या ओढ्याची भीती नसते. माहेरघरात एकटीने राहणे मात्र स्त्रियांना रुचत नाही. मागे लहान मुले असतात, शेतीचे दिवस असतात. सोबत एखादी नातलग आणि लहान मूल आणता आले, की तेथील खाटा भरतात.

रक्ताची तयारी ही तशीच आधी करण्याची गोष्ट. प्रत्येक गर्भवतीचा रक्तगट सातव्या महिन्यापूर्वी ठाऊक असावा आणि वेळ आल्यास जिल्ह्याच्या रक्तपेढीपर्यंत येऊ शकतील अशा दोन-तीन निरोगी माणसांची नावे घरात ठरलेली असावीत. नवऱ्याने रक्त दिल्यास त्याला अशक्तपणा येईल, ही समजूत सोडून द्यावी; दिलेल्या रक्तातील पाणी एक-दोन दिवसांत आणि पेशी काही आठवड्यांत भरून निघतात.

आणि श्रोतेहो, घरी परतल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत सावध राहणे जरूर आहे. वारेचा एखादा लहान तुकडा आत राहिला असेल किंवा जंतुदोष झाला असेल, तर आठ-दहा दिवसांनीही एकाएकी रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तासाभरात एकाहून अधिक मोठ्या घड्या पूर्ण भिजणे, लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडणे, उभे राहताच घेरी येणे, हातपाय गार पडून घाम फुटणे, ताप येऊन अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बाळंतिणीला आडवे निजवून पाय थोडे उंच ठेवावेत, पांघरूण घालावे, बाळाला छातीशी लावावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाळंतपण कोणत्या दिवशी व कोठे झाले आणि रक्त केव्हापासून जात आहे, हे प्रथम सांगावे. भिजलेल्या घड्या टाकून न देता एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. रक्त किती गेले याचा अंदाज घेण्यास रुग्णालयातील परिचारिकेला त्यांचा उपयोग होतो.